समुद्रातली विहीर आणि माणातली मेंढरं

समुद्रात तेलाच्या रिगवर क्रेन चालवायचो, असं सांगितलं की माणसं ठरलेले प्रश्न विचारतात. पगार किती होता, भीती वाटायची का, आणि तिकडं दारू मिळते का. पगार बरा होता, भीती वाटायची, दारू मिळत नाही. एवढ्यावर बहुतेकांचं समाधान होतं. दिवाळी अंकासाठी लिहा म्हणून मला गळ घालणाऱ्यांनाही असंच काहीतरी हवं असणार. लाटा, वादळं, हेलिकॉप्टर, थोडी गंमत. मी आधी नाही म्हणालो होतो. पण निवृत्तीनंतर मी राहतो त्या कराडजवळच्या मलकापुरात यंदा जे बघितलं, त्यानंतर गप्प बसवत नाही. रागात लिहितो आहे, तेव्हा भाषा कुठं तिखट झाली तर वाचणाऱ्यानं फराळातलं काहीतरी गोड तोंडात टाकावं आणि पुढं वाचावं.

राग कशाचा ते कळायला आधी काम कळलं पाहिजे. मुंबईहून हेलिकॉप्टर पश्चिमेला निघालं की किनारा मागं पडतो, बराच वेळ नुसतं पाणी, आणि मग पाण्यात उभी लोखंडी टेबलं दिसायला लागतात. आमची रिग म्हणजे तसलंच एक तीन पायांचं टेबल. पाय खाली सोडून समुद्राच्या तळावर टेकवायचे आणि टेबल लाटांच्या वर उचलून धरायचं. वर उंच मनोरा असतो. त्यातून पाइपाला पाइप जोडत तळाच्या खाली भोक पाडत जायचं. विहीर झाली की पाय वर घ्यायचे आणि सगळं टेबल बोटींनी ओढत पुढच्या जागी न्यायचं. ही रिग बहुतेक वेळा भाड्याची असते, आणि भाडं असं जबरदस्त की तिथं कुणी दोन मिनिटं कमरेवर हात ठेवून उभा राहिला तर साहेब घड्याळ बघायला लागतात.

अशा जागी लागणारी प्रत्येक वस्तू बोटीनं येते. पाइप, सिमेंट, केमिकलची पोती, बटाटे, कोंबड्या आणि कधी कधी माणसंसुद्धा. ते सगळं बोटीवरून वर घेणं हे क्रेनचं काम. बोट लाटेवर वरखाली होत असते, क्रेन जागेवर असते, आणि माल या दोघांच्या मध्ये. बोट लाटेच्या माथ्यावर आली की त्याच क्षणी माल उचलायचा. उशीर झाला तर खाली गेलेली बोट पुन्हा वर येते आणि टांगलेल्या मालाला खालून धडक देते. मी हे काम लष्करात शिकलो, इंजिनियर पलटणीत पूल बांधताना. पण तिकडं नदी वाहत असली तरी जमीन जागेवर असायची. समुद्रावरची क्रेन हे वेगळंच प्रकरण आहे, आणि ते मला चांगलं जमत होतं असं मी स्वतःच सांगतो, कारण सांगायला दुसरं कुणी इथं नाही.

माणसं उचलायला दोरांच्या जाळीचा मोठा पिंजरा असतो, त्याला आम्ही बास्केट म्हणायचो. खाली गोल कडं. माणसांनी त्या कड्यावर बाहेरच्या बाजूनं उभं राहायचं आणि हात जाळीत गुंतवून धरायचं. माझ्या बास्केटमधून कुणाचे पाय कधी ओले झाले नाहीत. एकदा हवामानामुळं हेलिकॉप्टर बंद होतं, म्हणून एक बडे साहेब बोटीनं आले. त्यांना वर घेतलं, डेकवर अलगद टेकवलं, तरी ते जाळी सोडेनात. शेवटी दोघांनी त्यांचं एकेक बोट सोडवलं. जेवण झाल्यावर याच साहेबांनी आम्हाला धाडस या विषयावर भाषण दिलं. ते आले होते नव्या विहिरींमुळं लोकांना मिळालेल्या रोजगाराचे फोटो काढायला. आमच्या माणसांना नवेकोरे नारिंगी बॉयलर सूट घालून ओळीत उभं केलं. कॅमेरावाल्यानं एकाला विचारलं, इथं काम करताना कसं वाटतं? तो म्हणाला, गरम हुतंय. फोटो झाले, साहेब गेले, आणि संध्याकाळी सूट परत घेतले.

ही माणसं कुठून आली ते आता सांगतो. एके वर्षी वर कुठंतरी ठरलं की समुद्रात आणखी विहिरी खोदायच्या. एकामागून एक रिगा भाड्यानं आल्या. प्रत्येक रिगवर माल लावायला, दोऱ्या बांधायला, घासायला-पुसायला माणसं हवीत. त्यांना खलाशी म्हणतात. ती कंपनीची नसतात, ठेकेदाराची असतात. ठेकेदाराचा माणूस मला म्हणाला, तुमच्याकडची कष्टाळू माणसं असली तर आणा. माझ्याकडची म्हणजे माण तालुक्यातली, दहिवडीच्या पलीकडच्या आमच्या वाडीतली. आम्ही धनगर. आमच्याकडं पाऊस नावाला येतो. जे मुंबईत हमाली करत नव्हते ते मेंढरांमागं होते. पाऊस सरला की कळप घेऊन कृष्णा-कोयनेच्या बागायतीत उतरायचं, ऊस तुटलेल्या रानात मेंढरं बसवायची, लेंडीखताच्या बदल्यात बागायतदाराकडून धान्य घ्यायचं आणि पावसाळ्याच्या तोंडावर वर यायचं. ते जिणं मी पोरवयात बघितलं आहे, त्यात गाण्यासारखं काही नाही. मी माणसं समुद्रावर नेली आणि त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही. ज्यांना पश्चात्ताप व्हायला हवा ते वेगळे आहेत.

सगळ्यात शेवटी आला तो मारुती. माझा चुलत भाऊ, माझ्यापेक्षा थोडा मोठा, आणि वाडीतला सगळ्यात जाणता मेंढपाळ. आजारी मेंढी त्याला पाठीवरून हात फिरवला की कळायची. दोन-तीन वर्षं तो नको म्हणत राहिला. तोवर आजूबाजूला सिमेंटची घरं उठली, आणि हिरा वहिनींनी, म्हणजे त्याच्या बायकोनं, दोन मुलींच्या पाठीवर उशिरा झालेल्या गणेशला मांडीवर घेऊन एकदा त्याला विचारलं, ह्यानं बी मेंढरांमागंच फिरायचं का? मग त्यानं कळप विकला. मी तेव्हा सुट्टीवर होतो. व्यापाऱ्याचा ट्रक आला, पण मेंढरं फळीवर पाय ठेवीनात. काठी दाखवली, ओढून बघितलं, काही उपयोग नाही. शेवटी मारुती स्वतः ट्रकात चढला. त्याच्यामागं सगळा कळप चढला. मग तो त्यांच्या पाठींवरून वाट काढत बाहेर आला आणि फळी वर लावली.

रिगवर पहिल्यांदा मीच त्याला बास्केटनं वर घेतलं. बाकीचे डोळे मिटून देवाचं नाव घेत होते. मारुती डोळे उघडे ठेवून खाली बघत होता. डेकवर उतरल्यावर म्हणाला, "एवढं पानी, आन् एक घोट प्यायच्या कामाचं न्हाई." नंतर वादळ आलं, पाइप अडकले, जेवणात अळ्या निघाल्या, तरी समुद्राबद्दल त्याचं मत बदललं नाही.

काम मात्र तो चोख करायचा. एक खोड सोडून. टांगलेल्या मालाला हात लावायचा नाही, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. मालाच्या दोन टोकांना दोन दोऱ्या बांधतात. दोन माणसांनी लांब उभं राहून त्या दोऱ्यांनी माल वळवायचा. मारुती दोरी धरायचा, पण पाइपांची मोळी जरा डोलायला लागली की त्याचा उजवा हात आपोआप पुढं जायचा. सगळा जन्म त्या हाताला तेच शिकवलं होतं. मेंढरू बुजलं, घोडं अडलं, तर आधी पाठीवर हात. हात लागला की जनावर थांबतं. मी केबिनमधून भोंग्यावर ओरडायचो, मारुती, ती मेंढी नव्हे. सगळे हसायचे, तोही हसायचा. समोरच्या दोरीवर पक्का गडी असला की त्याचा हात जाग्यावर राहायचा, कारण माल डोलायचाच नाही. असं करत करत तो शिकला, आणि पुढं नव्या पोरांना तोच हा नियम सांगायला लागला.

त्या वर्षांत वाडीचं भलं झालं, ते मी नाकारणार नाही. पोरी दहिवडीला कॉलेजात गेल्या. म्हाताऱ्यांचे डोळे कराडला नेऊन करून आणले. पाण्याच्या टाक्या झाल्या. जत्रेला सगळी वाडी भरून यायची आणि ढोल दोन दिवस थांबायचे नाहीत. पण त्याच वर्षांत एकेक कळप विकला गेला, कारण राखायला घरात पुरुष उरला नव्हता. ज्या बागायतदारांच्या रानात आमची मेंढरं पिढ्यान् पिढ्या बसायची, त्यांनी दुसरीकडचे कळप धरले. ही ओळख एकदा तुटली की पुन्हा जोडायला आयुष्य जातं. तेव्हा त्याचं कुणाला काही वाटलं नाही. दुधात साखर पडलेली असताना माठातल्या पाण्याकडं कोण बघतो?

आता मुद्द्याची गोष्ट, जी कुठल्याही भाषणात सांगत नाहीत. आमच्याकडं रानात विहीर खोदायची तर दगड फोडणारी टोळी येते. पोरंबाळं घेऊन राहते, सुरुंग लावते, डबर काढते. पाणी लागलं की नारळ फुटतो आणि टोळी पुढच्या गावाला जाते. विहिरीवर उरतो एक पंप आणि त्याचं बटण दाबणारा एक जण. समुद्रातही तेच आहे. माणसं लागतात ती खोदायला. तेल वर यायला लागलं की त्याला माणसांची गरज नसते, ते पाइपातून आपलं आपण जातं. देशाला तेल वर्षानुवर्षं मिळतं, पण ते काढायला घेतलेल्या हातांना काम मिळतं खोदाई चालू आहे तोवरच. आणि ती कधी थांबेल ते आपल्या हातात नसतं. जगाच्या दुसऱ्या टोकाला तेलाचा भाव पडतो, कुणीतरी म्हणतं आता खोदणं परवडत नाही, आणि रिग परत जाते. गरज सरो, वैद्य मरो. रिग येताना इतक्या हजार नोकऱ्या म्हणून सांगतात. ती जाते तेव्हा किती गेल्या ते कुणी सांगितलेलं मी तरी ऐकलं नाही. तेल काढू नये असं मी म्हणणार नाही. माझं मलकापूरचं घर त्याच तेलावर उभं आहे. पण माणसाला मुदत सांगा की. दुधाच्या पिशवीवरसुद्धा छापलेली असते.

त्यात ठेकेदारीची आणखी एक गंमत. ठेकेदार बदलायचा, डेकवरचा माणूस तोच राहायचा, पण नव्या ठेकेदाराच्या लेखी तो त्या दिवशीच कामाला लागलेला असायचा. मारुती इतकी वर्षं राबला आणि शेवटपर्यंत नवाच राहिला. मी कंपनीच्या हजेरीवर होतो, तो ठेकेदाराच्या. जेवण एकाच भांड्यातलं, वादळ एकच, पण मला आजारपणाची रजा आणि त्याला आजारी पडायची मुभा नाही. हे मी साहेबांना एकदा नाही, कित्येकदा बोललो. ते मान हलवायचे. त्यांच्या मान हलवण्यावरच तो मनोरा उभा होता की काय कोण जाणे.

आणि मग भाव पडला. रिग परत जाणार हे आम्हाला स्वयंपाकघरातून कळलं, कारण सामान कमी यायला लागलं होतं. जायच्या आधी विहीर पुरी करायची घाई, आणि खर्च वाचवायचा म्हणून माणसं आधीच कमी केलेली. दोन दोऱ्यांना दोन माणसं हवीत, तिथं एकच ठेवला. मी खाली सांगितलं की असा माल घेणार नाही. उत्तर आलं की सगळीकडं असंच चाललं आहे, बोट थांबून राहिली तर तिचं भाडं चढतं. पाइपांची ती मोळी मी जमेल तेवढी सावकाश उचलली. वाऱ्यानं ती फिरायला लागली. एका दोरीनं ती आवरेना. दोरीवर मारुती होता. मोळीचं मोकळं टोक पलीकडं उभ्या असलेल्या एका पोराच्या दिशेनं वळलं आणि मारुतीचा उजवा हात पुढं गेला. मी क्रेन थांबवली, पण क्रेन थांबली म्हणून टांगलेला माल थांबत नाही. मोळी आणि लोखंडी खांब यांच्यामध्ये त्याचा पंजा सापडला.

त्याला हेलिकॉप्टरनं मुंबईला नेलं. अंगठा वाचला, बोटं गेली. चौकशीला तिघं जण आले. मला विचारलं, त्यानं मालाला हात लावला होता का? मी म्हणालो, लावला होता, पण दुसऱ्या दोरीवर माणूस का नव्हता ते आधी विचारा. त्यांनी माझं पहिलं वाक्य घेतलं आणि दुसरं तिथंच टाकून गेले. कामगाराचा निष्काळजीपणा, असा निकाल. ज्या माणसानं दुसऱ्याचं पोर वाचवायला हात घातला तो निष्काळजी, आणि ज्यांनी दोरीवरचा माणूस काढला ते काटकसरी. इतकी वर्षं झाली, अजून आठवलं की जेवण जात नाही.

रिग गेली. आमची सगळी वाडी एकाच रिगवर होती, म्हणून सगळी वाडी एकदमच घरी आली. मला दुसरीकडं धाडलं, मी कंपनीचा होतो ना. त्या वर्षी जत्रेला गेलो तर माणसं भरपूर आणि ढोल वाजवायला कुणी उठेना. कळप नव्हते, रानाच्या ओळखी नव्हत्या. काही पुन्हा मुंबईत हमालीला गेले. काही ऊसतोडीला गेले, ज्या रानात त्यांचे बाप मेंढरं बसवायचे त्याच रानात. मारुती ओट्यावर बसून असायचा. नुसता अंगठा उरलेल्या हातानं काठी धरता येत नाही, लोकर कातरायची कात्री चालवता येत नाही.

तेव्हा उठल्या त्या हिरा वहिनी. आमच्याकडं निम्म्या वाट्यानं मेंढी पाळायची रीत आहे. दुसऱ्याची मेंढी आपण सांभाळायची, कोकरं झाली की निम्मी त्याची, निम्मी आपली. वहिनींनी पाहुण्यांकडून अशा मेंढ्या आणल्या. ऊन, काटे, लांडगे, चोरटे, सगळ्यांशी एकट्या भांडल्या. दरसालच्या कोकरांतून त्यांनी कळप उभा केला. दोन्ही मुलींची लग्नं त्याच कळपावर झाली, गणेश बी.ए. झाला तोही त्यावरच. वाडीत आज मेंढरांचा आवाज येतो तो या एकाच घरातून. रोजगारनिर्मिती बघायची असेल तर साहेबांनी त्यांचा फोटो काढावा. पण त्यांना नारिंगी सूट होणार नाही.

यंदा उन्हाळ्यात मलकापुरात फलक लागले. समुद्रात नव्या विहिरी, तरुणांना सुवर्णसंधी. रिगवर जाण्याआधी पोहण्याचं आणि सुरक्षेचं शिक्षण घ्यावं लागतं, ते देणारी एक संस्था निघाली होती, तिचा एका मंगल कार्यालयात मेळावा होता. मला अनुभवी मार्गदर्शक म्हणून बोलावलं. शाल, नारळ, पुढच्या रांगेत खुर्ची. संचालकांचं भाषण झालं. समुद्र तुमची वाट बघतोय, घरटी एक नोकरी, तुमच्या गावाचं सोनं होईल. त्यांनी समुद्र चौपाटीवरून बघितला असावा. समोर माण, खटाव, आटपाडी, जतची पोरं बसली होती, घामानं भिजलेली, डोळे वर लावून. आयजीच्या जिवावर बायजी उदार कशी होते ते मी शालीतून बघत होतो.

मग माझी पाळी आली. मी म्हणालो, पोरांनो, काम चांगलं आहे, जरूर जा. पण जाताना विचारा की रिग किती मुदतीनं आणली आहे, ठेकेदार बदलला तर आमची आधीची वर्षं धरणार का, आणि दोरीवर माणसं किती ठेवणार. या तीन गोष्टींचं उत्तर इथं व्यासपीठावर बसलेल्यांपैकी कुणाकडं असेल तर त्यांनी आत्ता द्यावं. मी मागं वळून बघितलं. संचालक हसत हसत उठले, माझ्या हातातून माइक घेतला आणि म्हणाले, तात्यांचा काळ वेगळा होता. टाळ्या पडल्या. पोरांनीच वाजवल्या, हे जास्त लागलं.

चहाच्या वेळी गणेश समोर आला. तो या मेळाव्यात असेल हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. पाया पडला आणि सांगून मोकळा झाला की त्यानं नाव दिलं आहे आणि रविवारी मेंढरांचा व्यापारी येणार आहे. मी शाल खुर्चीवर टाकली आणि त्याच्याबरोबरच वाडीला गेलो.

ओट्यावर आम्ही चौघं बसलो. गणेश, त्याची आई, मारुती आणि मी. पोरगं माझ्यावरच चिडलं होतं. म्हणालं, "तात्या, तुमी समुद्रावर गेलासा म्हनून तुमचा बंगला झाला. आन् मला सांगताय जाऊ नगं."

"जाऊ नगं म्हनलो न्हाई मी. मेंढरं इकू नगं म्हनलो."

"मग राखायची कुनी?" त्यानं आईच्या गुडघ्यांकडं बघितलं, बापाच्या हाताकडं बघायचं टाळलं. "आय आता डोंगर चढत न्हाई. मी हितं ऱ्हायलो तर मेंढरामागच्या पोराला पोरगी कोन देतंय? तुमी द्याल का?"

माझ्या दोन्ही मुली मी पुण्यातल्या नोकरदारांना दिल्या आहेत. पोराचं खोटं काहीच नव्हतं. त्यानं समुद्रावर जायला हवं हे खरं, आणि कळप गेला तर रिग परत गेल्यावर त्याला यायला घर असेल पण घरात काम नसेल, हेही खरं. एक पिढी आधी हेच झालं होतं, याच ओट्यावर. माणसं बदलली नाहीत, फलक तेवढा नवा. मला त्या संचालकाला ओढून आणून त्या ओट्यावर बसवावंसं वाटलं. मग मारुती बोलला, जो असल्या बैठकीत बोलत नाही.

"इकायची तर इका. पर ह्या डावाला ट्रकात मी न्हाई चढनार."

तो उठून आत गेला. हिरा वहिनींनी पदर तोंडाला लावला. आणि माझ्या तोंडून शब्द निघून गेले, मेंढरं मी राखतो. गणेश हसला. मी हसलो नाही आणि वहिनीही हसल्या नाहीत. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं, माझ्या बुटांवर नजर जरा जास्त थांबली.

"भावजी, सनवार न्हाई ह्याला. दुखतंय, खुपतंय, काय बी न्हाई. आज आलो आन् उद्या न्हाई आलो, आसं चालत न्हाई."

मी म्हणालो, ठाऊक आहे. ठाऊक होतं ते पोरपणीचं होतं, पण बोललो ते बोललो. आमच्या सौभाग्यवतींना फोन केला. त्या म्हणाल्या की अर्धा जन्म समुद्राला दिला, उरलेला मेंढरांना द्या, माझ्या वाट्याला काय येतं ते मी पेन्शनच्या दिवशी बघून घेईन. पुढच्या आठवड्यात त्या स्वतः चादरी आणि गुडघ्याचं तेल घेऊन वाडीत हजर झाल्या.

व्यापाऱ्याला रविवारी चहा पाजून परत पाठवला. गणेश सुरक्षेचं शिक्षण घेऊन रिगवर गेला. माणातला पोरगा, तलावात पोहायला शिकला तेव्हा केवढा आनंद झाला होता त्याला. जाताना मी त्याला रिगवरच्या पाच-पन्नास गोष्टी सांगितल्या, मारुतीनं एकच केलं. आपला उजवा हात त्याच्या हातात दिला आणि थोडा वेळ तसाच ठेवला. आता गणेशचा अधूनमधून फोन येतो. जेवण बरं असतं म्हणतो. ठेकेदार कोण ते अजून त्याला नीट माहीत नाही.

मी मेंढरांमागं आहे. पहिले काही दिवस कळपानं माझी चांगलीच फजिती केली. क्रेनच्या केबिनमध्ये एक दांडा ओढला की टनावारी लोखंड ऐकायचं, इथं एक मेंढा ऐकत नाही. वहिनी ओट्यावरून हाका मारून सांगतात, मारुती माझ्याबरोबर चालतो आणि मेंढी कुठं वळणार ते मला आधी सांगतो. त्याला काठी धरता येत नाही, मला काठीचा उपयोग कळत नाही. दोघांत मिळून एक मेंढपाळ होतो. दिवाळीनंतर कळप घेऊन कराडच्या बाजूला उतरायचं आहे. कुणाच्या रानात बसवायचा त्यासाठी मी मलकापुरातल्या ओळखी लावतो आहे. इतकी वर्षं तिथं राहून जी ओळख कामाला आली नाही ती आता लेंडीखतासाठी येईल.

परवा रानात असताना फोन आला. त्या संस्थेतून एक मुलगी बोलत होती, आवाजात साखर. मेळाव्यामुळं आपल्या गावात किती जणांना रोजगार मिळाला, त्याची माहिती वर पाठवायची होती. मी म्हणालो, दोघांना लिही. एक गणेश, विहीर खोदून होईपर्यंत. दुसरा मी, मरेपर्यंत. ती गोंधळली. दुसरी नोकरी कुठल्या कंपनीत, असं तिनं विचारलं. हिरा वहिनी भाकरी घेऊन आल्या होत्या, बांधावर बसल्या होत्या. मालक त्याच, म्हणून मी फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"व्हय बाई, दोन लिव," त्या म्हणाल्या. "आन् माज्या पोराला घरी कवा धाडनार हायसा, त्ये बी आत्ताच म्होरं लिवून ठेव."

वहिनी उत्तरासाठी बराच वेळ फोन कानाला लावून बसल्या होत्या.